नोकरी पक्की, पण जीव रमत नाही
स्वमग्न कामगाराचे दुःख घराने, कचेरीने आणि समाजाने कसे ओळखावे?

आपल्या वस्तीत कुणाला नोकरी लागली की पहिला प्रश्न असतो, "परमनंट आहे का?" दुसरा असतो, "हातात किती पडतात?" या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाली आणि पेढे वाटून झाले की घरचे निर्धास्त होतात. दिवसाचे आठ तास तो तिथे नेमके काय करतो आणि त्या कामात त्याचे मन लागते का, हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. तो आपल्याला चैनीचा वाटतो. ज्यांच्या आजोबांनी गिरणीत, गोदीत आणि गटारात आयुष्य काढले, त्यांच्या घरात "काम आवडत नाही" हे वाक्य तोंडातून काढायचीही चोरी. पोटाला मिळते हेच पुष्कळ, ही आपली जुनी शिकवण आहे आणि ती कष्टातून आलेली आहे. तिचा आम्ही अवमान करीत नाही. पण आपल्यातच काही तरुण आणि काही प्रौढ माणसे अशी आहेत, ज्यांना हा न विचारलेला प्रश्न आतून पोखरतो आहे. त्यांच्याविषयी आज लिहायचे आहे.

ही माणसे स्वमग्न आहेत. इंग्रजीत ज्याला ऑटिझम म्हणतात ती स्वमग्नता. पुष्कळांना आपण स्वमग्न आहोत हे ठाऊकसुद्धा नाही.

स्वमग्न म्हणजे काय?

स्वमग्नता हा रोग नव्हे. मेंदूची जडणघडण जन्मापासूनच थोडी निराळी असणे, असा तिचा अर्थ आहे. ती करणीने होत नाही, देवीच्या कोपाने होत नाही, आईने लक्ष दिले नाही म्हणून होत नाही आणि लस टोचल्यानेही होत नाही. गंडेदोरे आणि अंगारे तर आपण १९५६ सालीच मागे टाकले आहेत, तेव्हा त्या वाटेला पुन्हा जाण्याचे कारण नाही.

काही स्वमग्न मुले बोलत नाहीत, त्यांना आयुष्यभर आधार लागतो. अशी मुले लगेच ओळखू येतात. पण काही स्वमग्न माणसे शाळा शिकतात, पदवी घेतात, नोकरी करतात. त्यांची ओळख पटत नाही. हा माणूस डोळ्याला डोळा देत नाही. गप्पांत कधी बोलावे, कधी थांबावे हे त्याला उमगत नाही. लोक थट्टेने बोलले तरी तो शब्दशः घेतो. ट्यूबलाइटची घरघर, पंख्याचा आवाज, अत्तराचा वास त्याला इतरांपेक्षा कितीतरी पट जास्त छळतो. ठरलेला क्रम मोडला की तो सैरभैर होतो. आणि एखाद्या विषयात शिरला की तहानभूक विसरतो. ही सगळी लक्षणे एकाच माणसात असतीलच असे नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ साली जगात सुमारे १२७ माणसांमागे एक स्वमग्न होता. आपल्या एकेका वस्तीत हजारो माणसे राहतात. हिशेब ज्याने त्याने करावा.

मुलींच्या बाबतीत ओळख आणखी कठीण. मुलगी गप्प बसली तर "गुणाची आहे, लाजाळू आहे" म्हणून तिचे कौतुक होते. ती इतर मुलींचे बोलणे, हसणे पाहून पाहून नक्कल शिकते आणि नोकरीत दिवसभर ती नक्कल करून संध्याकाळी गळून पडते. मग घरचे म्हणतात, "बाहेर बरी असते, घरी आली की तोंड वाकडे."

पिढी निसटली ती कशी?

अमेरिकेत डॉ. लिओ कॅनर यांनी १९४३ साली स्वमग्न मुलांचे पहिले सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. आपल्याकडे हा शब्द कायद्यात यायला अर्धशतकाहून अधिक काळ गेला. १९९५ साली अपंगांसाठी देशाचा मोठा कायदा झाला, त्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. स्वमग्नता त्यांत नव्हती. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ती आली. पण नोकरी आणि कामाच्या ठिकाणचे हक्क मिळाले ते दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मुळे. तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला आणि प्रकार सातावरून एकवीस झाले.

याचा अर्थ असा की, ऐंशीच्या आणि नव्वदच्या दशकात आपल्या चाळीत, झोपडपट्टीत जन्मलेल्या स्वमग्न मुलाकडे कुठलाही कागद नाही. शाळेत त्याला मंद म्हटले, गल्लीत येडा म्हटले, घरात हट्टी म्हटले. तो मुलगा आज तीस-चाळीस वर्षांचा आहे. तो कुठे हाउसकीपिंगमध्ये आहे, कुठे वॉचमन आहे, कुठे अंधेरीच्या एखाद्या कंपनीत डेटा एन्ट्री करतो आहे, कुठे कचेरीत शिपाई किंवा कारकून आहे. त्याचे दुःख त्याच्यापाशीच आहे आणि त्याला नाव नाही.

कामाचे स्वरूपही बदलले आहे. मुलुंड, भांडुप, विक्रोळी, घाटकोपरच्या पट्ट्यात लालबहादूर शास्त्री मार्गावर एके काळी कारखान्यांची रांग होती. लेथवर बसलेला माणूस दिवसभर कुणाशी न बोलता एकच काम नीट करू शकत होता. त्याच्या अबोलपणाची कुणी चौकशी करीत नव्हते, माल बरोबर निघाला की झाले. आज त्या जागांवर मॉल आणि टॉवर आहेत. तिथे आपल्या मुलांना मिळणारे काम म्हणजे दारात उभे राहणे, हसून स्वागत करणे, गिऱ्हाइकाची बोलणी खाणे, सुपरवायझर सांगेल तिकडे धावणे. स्वमग्न माणसाला नेमके हेच जमत नाही.

दुःख कशाचे?

आमच्या माहितीतले एक घर आहे, घाटकोपरच्या बाजूचे. वडील एका कार्यालयात शिपाई होते. नोकरीत असतानाच वारले. थोरल्या मुलाला अनुकंपा तत्त्वावर त्यांची जागा मिळाली. मुलगा बी.ए. झालेला. बेस्टच्या बसचे नंबर आणि मार्ग त्याला तोंडपाठ. हस्ताक्षर छापल्यासारखे. त्याला काम मिळाले ते साहेबांच्या दाराबाहेर स्टुलावर बसण्याचे. घंटी वाजली की आत जायचे, चहा सांगायचा, नस्ती या टेबलावरून त्या टेबलावर न्यायची, भेटायला आलेल्यांच्या चिठ्ठ्या आत द्यायच्या. मधले दोन-दोन तास नुसते बसायचे, आणि घंटी कधी वाजेल याचा नेम नसल्याने पुस्तकही उघडायचे नाही.

घरी आला की तो दहा बाय बाराच्या खोलीत एकटे बसायला जागा नाही म्हणून पोटमाळ्यावर चढून अंधारात बसे. कधी रडे, कधी भिंतीवर डोके आपटी. आई आम्हांला म्हणाली, "भाऊ, बसून पगार मिळतो, तरी हा रडतो. याच्या बापाने या नोकरीत आयुष्य काढले." मुलाशी आम्ही दोन-तीन वेळा बोललो. पहिल्यांदा तो काही बोललाच नाही. नंतर एकदा इतकेच म्हणाला, "काका, मला काम जड नाही. मला कामच नाही."

या एका वाक्यात पुष्कळ काही आहे. बाहेरच्या माणसाला जे आरामाचे काम वाटते, ते स्वमग्न माणसाला शिक्षा वाटू शकते. उलट, बाहेरच्याला जे कंटाळवाणे वाटते, उदाहरणार्थ हजार पावत्या नंबरवार लावणे, त्यात त्याचा जीव रमू शकतो. काम पुन:पुन्हा तेच असणे हे त्याच्या दुःखाचे कारण नसते. बहुधा कारणे तीन असतात. एक, कामाला आकार नाही, सुरुवात नाही, शेवट नाही. दोन, लक्ष लागले की कुणीतरी ते तोडतो. तीन, आपण जे उत्तम करू शकतो त्याला तिथे जागाच नाही आणि जे आपल्याला येत नाही त्यावरच आपली परीक्षा होते.

यात आणखी एक अडचण असते. पुष्कळ स्वमग्न माणसांना आपल्याला नेमके काय होते आहे, राग आहे की दुःख आहे की थकवा आहे, हे शब्दांत सांगता येत नाही. ते शरीरातून बाहेर पडते. पोट बिघडते, झोप जाते, बोलणे बंद होते, किंवा क्षुल्लक कारणावरून स्फोट होतो. घरचे त्याला माज म्हणतात, कचेरी बेशिस्त म्हणते. महिनोन् महिने हे दाबून ठेवले तर अशी वेळ येते की पूर्वी सहज जमणाऱ्या गोष्टी, आंघोळ, प्रवास, दोन शब्द बोलणे, हेसुद्धा जमेनासे होते. हा आळस नव्हे, माणूस आतून संपत आल्याची ती खूण आहे.

इंग्लंडमधील डॅमियन मिल्टन हे स्वतः स्वमग्न असलेले समाजशास्त्रज्ञ. त्यांनी २०१२ साली एक मुद्दा मांडला. स्वमग्न माणसाला इतरांचे मन कळत नाही, असे सगळे म्हणतात. पण इतरांनाही स्वमग्न माणसाचे मन कळत नाही, तेव्हा न समजण्याचा दोष एकट्या त्याच्या माथी का? हा युक्तिवाद आपल्या समाजाला समजावून सांगावा लागू नये. वर्षानुवर्षे "तुम्हांला रीतभात नाही" हे ऐकणारे आपणच आहोत.

बाबासाहेबांनी हे १९३६ सालीच सांगितले

आपल्या मुलावर भार दुहेरी असतो. तो कचेरीत गडबडला की बोलणारे "हा जरा निराळा आहे" असे म्हणत नाहीत, "कोट्यातला आहे" असे म्हणतात. त्यामुळे तो मदत मागायला भितो. आपल्या एकाच्या चुकीने सगळ्या समाजाला बोल लागेल, ही धास्ती त्याच्या मनात असते. म्हणून तो गप्प राहतो आणि आणखी खचतो.

अशा वेळी बाबासाहेबांचा एक विचार आठवावा. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी १९३६ साली त्यांनी जे भाषण लिहिले आणि जे मंडळाने होऊ दिले नाही, ते त्यांनी स्वतः पुस्तकरूपाने छापले. 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' ते हेच. त्यात त्यांनी जातिव्यवस्थेचा आर्थिक अंगानेही समाचार घेतला. माणसाचा कल आणि कुवत न पाहता जन्मावरून त्याला काम चिकटवले, की त्या कामात ना त्याचे मन राहते ना बुद्धी. मग काम चांगले होणार कसे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. म्हणजे कामात मन असणे ही चैन आहे, असे बाबासाहेबांनी मानले नाही. तो त्यांनी माणसाच्या प्रतिष्ठेचा आणि देशाच्या उत्पन्नाचाही प्रश्न मानला.

जात आणि स्वमग्नता या दोन गोष्टी एक नव्हेत. जात माणसाने लादली आहे, स्वमग्नता निसर्गाची आहे. पण माणूस न पाहता त्याला खुर्चीत किंवा स्टुलावर कोंबण्याची रीत दोन्हीकडे सारखीच आहे. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. त्यांनी मांडलेल्या विधेयकाने १९४६ साली कारखान्यातले आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आले. कामगाराच्या शरीराला झेपेल इतकेच काम असावे, हे त्या कायद्याने मान्य केले. मनाला झेपेल असे काम असावे, ही त्यापुढची पायरी आहे.

चूळपन्थकाची गोष्ट

आपल्या धम्म साहित्यात चूळपन्थक भिक्खूची कथा आहे. थोरला भाऊ महापन्थक विद्वान. धाकट्याला चार महिन्यांत एक गाथा पाठ होईना. नवी ओळ शिकली की जुनी विसरे. थोरल्या भावाने त्याला विहारातून निघून जायला सांगितले. तो रडत निघाला, तेव्हा तथागतांनी त्याला थांबवले. त्याच्या हाती एक शुभ्र वस्त्राचा तुकडा दिला आणि तो चोळत मनात एकच शब्द म्हणत राहा, असे सांगितले. चोळता चोळता वस्त्र मळले. त्या मळलेल्या वस्त्रात चूळपन्थकाला अनित्यता दिसली आणि तो अर्हत झाला.

चूळपन्थक स्वमग्न होता असे आम्हांला मुळीच म्हणायचे नाही. पण गुरूने काय केले ते पाहा. तथागतांनी त्याला आणखी चार महिने तीच गाथा घोकायला लावली नाही, नालायकही ठरवले नाही. त्याच्या हाताला आणि मनाला जमेल असे काम शोधून दिले. महापन्थकही वाईट नव्हता, त्याला फक्त शिकवण्याची एकच रीत ठाऊक होती. आपल्या घराघरांत आज महापन्थक आहेत, म्हणून ही कथा मुद्दाम सांगितली.

जगात आणि आपल्या मुंबईत

डॉ. कॅनर यांनी १९४३ साली ज्या मुलांचे वर्णन केले, त्यांतला पहिला होता अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातल्या फॉरेस्ट गावचा डोनाल्ड ट्रिपलेट. हा मुलगा पुढे पदवीधर झाला आणि गावातल्याच बँकेत कामाला लागला. आकड्यांची त्याला विलक्षण ओढ. त्याने त्या बँकेत सुमारे ६५ वर्षे काढली आणि २०२३ साली ८९ व्या वर्षी त्याचे निधन झाले. इथे खरे बोलले पाहिजे. त्याच्या घरच्यांचा त्या बँकेत हिस्सा होता, पैसा होता, गावाने त्याला सांभाळून घेतले. आपल्या मुलाच्या मागे बँक नाही. पण गावाने सांभाळून घेणे, हे तर आपल्यालाही करता येण्यासारखे आहे.

एसएपी या जर्मन कंपनीने आपल्या बंगळुरूच्या केंद्रात २०११ च्या सुमारास स्वमग्न तरुणांना संगणकाच्या प्रणाली तपासण्याच्या कामावर घेतले आणि पुढे २०१३ साली हा कार्यक्रम जगभर नेण्याचे जाहीर केले. आपल्या मुंबईत यश चॅरिटेबल ट्रस्टने २०१८ साली जुहूला 'कॅफे अर्पण' सुरू केले. तिथे स्वमग्न आणि बौद्धिक अक्षमता असलेली प्रौढ माणसे पगारावर काम करू लागली, स्वयंपाकघरात आणि गिऱ्हाइकांसमोरही. दयेची वर्गणी आणि कष्टाचा पगार यांतला फरक आपल्याइतका कुणाला कळणार?

मात्र एक सावधगिरी. प्रत्येक स्वमग्न माणूस गणितात हुशार किंवा संगणकात तरबेज असतो, ही सिनेमातली समजूत आहे. कुणाला झाडे आवडतात, कुणाला शिवणकाम, कुणाला जुनी कागदपत्रे. ओढ कशाची आहे ते त्या माणसाकडे पाहूनच कळते.

ज्याच्यावर बेतली आहे, त्याने काय करावे?

एक वही करावी. रोज कुठल्या वेळी कुठले काम केले आणि त्यानंतर शरीराला कसे वाटले, एवढेच लिहावे. "दुःख झाले" असे शब्द सुचत नसतील तर "डोके जड", "पोटात कळ", "ठीक", "वेळ कसा गेला कळले नाही" इतके पुरे. महिन्याभरात चित्र स्पष्ट होते. सगळी नोकरी वाईट नसते, दिवसातले ठरावीक तास वाईट असतात.

मग साहेबांकडे जाताना "मला कंटाळा येतो" असे म्हणू नये. त्याने साहेब चिडतात. "अमुक काम मी नीट करू शकतो, मला ते द्यावे" असे म्हणावे. तोंडी बोलणे जमत नसेल तर लिहून द्यावे. काय मागावे? कामाच्या सूचना तोंडी न देता कागदावर द्याव्यात. कामात बदल असेल तर आदल्या दिवशी सांगावे. बसण्याची जागा कोपऱ्यात, कमी गोंगाटाची असावी. गर्दीची लोकल टाळता यावी म्हणून येण्याजाण्याची वेळ अर्धा तास पुढेमागे करावी. दुपारी दहा-पंधरा मिनिटे एकटे बसू द्यावे. यांतल्या एकाही गोष्टीला कचेरीचा पैसा खर्च होत नाही.

राजीनाम्याविषयी एक नियम आम्ही कळकळीने सांगतो. वाईट आठवड्यात राजीनामा लिहू नये. आधी रजा टाकावी, झोप घ्यावी, मग विचार करावा. शांत डोक्याने विचार करूनही नोकरी सोडावीशी वाटली, तर हातात काही महिन्यांच्या किराण्याची तजवीज आणि पुढच्या कामाची दिशा असावी. नोकरी सोडणे हे पाप नव्हे. पण बुडत्याने होडी बदलताना दुसरी होडी जवळ आहे का, हे पाहिले पाहिजे.

आणि नोकरीत फारसे काही बदलण्यासारखे नसेल, तर जीव रमवणारे काम नोकरीबाहेर शोधावे. विहारातल्या पुस्तकांची यादी करणे, धम्म संस्कार वर्गाचे हजेरीपट ठेवणे, ६ डिसेंबरच्या पुस्तक स्टॉलचा हिशेब लावणे, अशी कामे माणसाची वाट पाहत असतात. पगार एका कामाचा आणि समाधान दुसऱ्या कामाचे, असे जगणारी माणसे पुष्कळ आहेत आणि त्यात कमीपणा नाही.

घरच्यांनी काय करावे?

"तुझ्या बापाने कसे केले?" हा प्रश्न कायमचा बंद करावा. बाप निराळा होता. कामावरून आल्याबरोबर प्रश्नांचा भडिमार करू नये, अर्धा तास त्याला एकटे सोडावे. खोली एकच असेल तर पडदा लावावा, टीव्हीचा आवाज कमी करावा. लग्नाचा विषय आणि नोकरीचा विषय एका दिवशी काढू नये. वहिनीने, धाकट्या भावाने, आत्याने त्याची नक्कल करून हसू नये. तथागतांनी सांगितलेली मैत्री आधी स्वतःच्या घरातल्या दहा बाय बारात दिसली पाहिजे.

तो मरणाविषयी बोलू लागला, आपल्या वस्तू वाटू लागला, रेल्वे रुळाकडे किंवा गच्चीकडे विनाकारण जाऊ लागला, तर "नाटक करतो" असे म्हणू नये. त्याला एकटे ठेवू नये. सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तिचा क्रमांक १४४१६. तो दिवसरात्र चालतो आणि मराठीत बोलता येते. केईएम, शीव, नायर आणि कूपर या पालिकेच्या रुग्णालयांत मनोविकार विभाग आहेत. तिथे जाणे म्हणजे वेडे ठरणे नव्हे.

कायदा काय म्हणतो?

२०१६ च्या कायद्याच्या कलम २० प्रमाणे सरकारी आस्थापनेने दिव्यांग कर्मचाऱ्याशी भेदभाव करता येत नाही आणि त्याच्यासाठी वाजवी सोय करून द्यावी लागते. कलम २१ प्रमाणे प्रत्येक आस्थापनेने, खाजगीसुद्धा, समान संधीचे धोरण जाहीर करायचे आहे. कलम २३ प्रमाणे सरकारी आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी नेमायचा आहे. कलम ३४ प्रमाणे सरकारी नोकरीत दिव्यांगांना किमान चार टक्के आरक्षण आहे आणि त्यातल्या एका टक्क्याच्या गटात स्वमग्नता येते. हे आरक्षण आडवे आहे. म्हणजे अनुसूचित जातीचा दाखला असलेल्या आपल्या बौद्ध मुलाला दोन्हींपैकी एकच निवडावे लागत नाही. त्यासाठी मात्र किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते. अर्ज यूडीआयडी कार्डासाठी सरकारी संकेतस्थळावर करायचा आणि तपासणी सरकारने नेमलेल्या रुग्णालयात होते.

प्रमाणपत्र ४० टक्क्यांचे नसले तरी सारे संपत नाही. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने लिहिण्यात अडचण असलेल्या एका परीक्षार्थीच्या खटल्यात सांगितले की, वाजवी सोय मागण्यासाठी ४० टक्क्यांची अट नाही आणि अशी सोय नाकारणे हाही भेदभावच आहे. १७ डिसेंबर २०२१ रोजी त्याच न्यायालयाने केंद्रीय राखीव पोलीस दलातील एका अधिकाऱ्याच्या खटल्यात म्हटले की, ज्या वर्तनाचे मूळ मानसिक दिव्यांगत्वात आहे, त्यासाठी शिस्तभंगाची कारवाई करणे हा भेदभाव ठरतो. त्याला दुसऱ्या पदावर नेमले तर पगार आणि सेवाशर्तींना धक्का लावू नये, असेही न्यायालयाने बजावले. ज्या मुलाच्या हाती मेमो पडला आहे, त्याच्या घरच्यांनी हे दोन निकाल युनियनच्या वकिलाला दाखवावेत.

कारकुनी अनुभवातून एक सूचना. अर्ज नेहमी दोन प्रतींत करा आणि आवक टेबलावरून दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्या. पोच नसलेला अर्ज कचेरीत आलाच नाही, असे समजा.

घाटकोपरच्या त्या मुलाच्या बाबतीत युनियनच्या प्रतिनिधीने साहेबांशी बोलणे केले. पद शिपायाचेच राहिले, ते बदलण्यासारखे नव्हते. पण सकाळचे तीन तास त्याला टपालाची आवक-जावक नोंदवायला आणि अभिलेख खोलीतल्या जुन्या नस्त्यांची वर्षवार यादी करायला मिळतात. दुपारनंतर पुन्हा स्टूल आणि घंटी आहे, आणि पोटमाळ्यावरची संध्याकाळ अजूनही कधीमधी येते. सगळे दुःख गेले असे आम्ही सांगणार नाही. पण आता तो आईला यादी कुठल्या वर्षापर्यंत आली ते सांगतो, आणि आई ते ऐकून घेते.

विहाराच्या कार्यकर्त्यांना, महिला मंडळांना आणि युनियनमधल्या आपल्या बांधवांना आमची विनंती आहे. येत्या पौर्णिमेला वंदनेनंतर अर्धा तास या विषयासाठी काढा. वस्तीत असे कोण आहे याची कुजबुज न करता, "कामावर कुणाचा कोंडमारा होतो आहे का?" एवढेच विचारा. प्रमाणपत्राचा अर्ज भरायला एक शिकलेला मुलगा बसवा, मेमो वाचायला एक युनियनवाला बसवा. चूळपन्थकाला थांबवायला त्या दिवशी दारात कुणीतरी उभे होते, आपल्या विहाराच्या दारातही कुणीतरी उभे असले पाहिजे.

जयभीम!